जुनी नौकानयन यंत्रे, स्वस्त सुटे भाग आणि माझी एक सही

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कोलकात्यातील ज्या कार्यालयात मी तेव्हा वित्तीय सहमतीचे काम पाहत होतो, त्याच्या ताब्यात नदीत काम करणाऱ्या काही लहान नौका होत्या. एके दिवशी माझ्या टेबलावर दोन फायली एकाच वेळी आल्या. पहिली एका जुन्या रडारची होती. रडारचा पडदा मधूनच मालवत असे. मूळ उत्पादकाच्या प्रतिनिधीने लेखी कळविले होते की, हा नमुना आता बनत नाही, त्याचे भाग मिळणार नाहीत, सबब संपूर्ण संच नवा घ्यावा. कार्यशाळेतील मिस्त्रीचे म्हणणे वेगळे होते. दोष वीजपुरवठ्याच्या पट्टीवरील तीन-चार कपॅसिटरांत आहे, ते चांदनीत मिळतात आणि आपण ते बदलू शकतो, असे तो सांगत होता. दुसरी फाईल दिव्यांची होती. नौकांवरील जुने दिवे काढून कमी वीज खाणारे एलईडी दिवे बसवावेत, बाजारात ते स्वस्त आहेत, असा प्रस्ताव होता.

पहिली फाईल मी दोनदा परत पाठविली. बाजारातला भाग रडारमध्ये घालायचा, ही कल्पनाच मला धोक्याची वाटली. दुसऱ्या फायलीवर मी दहा मिनिटांत सही केली. रक्कम लहान होती, बचत उघड होती आणि दिवा म्हणजे दिवा, त्यात तपासायचे काय, अशी माझी समजूत होती.

पुढे जे घडले ते माझ्या अंदाजाच्या नेमके उलटे होते. बरीच टोलवाटोलवी होऊन रडारचे कपॅसिटर अखेर बदलले गेले आणि ते रडार त्यानंतर कित्येक वर्षे विनातक्रार चालले. दिव्यांनी मात्र आम्हाला अडचणीत आणले. जानेवारीतील धुक्याच्या एका सकाळी आमची एक नौका नदी ओलांडत होती. समोरून येणाऱ्या नौकेने व्हीएचएफ रेडिओवर दिलेली हाक आमच्या सारेंगाला ऐकूच आली नाही. (कोकणात ज्याला आपण तांडेल म्हणतो, तो इकडे सारेंग.) भोंगा कानावर पडला म्हणून त्याने वेग कमी केला आणि दोन्ही नौका थोडक्यात बचावल्या. कोणाला इजा झाली नाही, म्हणून कोठे नोंदही झाली नाही. नंतर मी सहज चौकशी केली तेव्हा सारेंग म्हणाला, "दिवे लावले की रेडिओ बहिरा होतो, साहेब. मी पूजेपासून सांगतो आहे." दुर्गापूजेपासून जानेवारीपर्यंत तो सांगत होता, पण त्याचे सांगणे कोणत्याही कागदावर आलेले नव्हते.

त्या दिव्यांत दोष असा काही नव्हता. ते उत्तम प्रकाश देत होते आणि वीजही कमी खात होते. मात्र एलईडीला योग्य दाबाची वीज पुरविणारे जे छोटे मंडल दिव्याच्या बुडाशी असते, ते सेकंदाला हजारो वेळा वीज जोडते आणि तोडते. चांगल्या दिव्यात त्यातून निघणारा विद्युत-गोंगाट गाळण्याची सोय असते, स्वस्त दिव्यात ती गाळलेली असते. हा गोंगाट व्हीएचएफच्या पट्ट्यात शिरला की दूरची क्षीण हाक त्यात बुडून जाते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट २०१८ मध्ये नेमक्या याच धोक्याबद्दल सुरक्षा-इशारा प्रसृत केला होता. एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ रेडिओ आणि जहाजांची ओळख व स्थान कळविणारी एआयएस यंत्रणा यांच्या ग्रहणशक्तीवर परिणाम होत असल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. हा इशारा माझ्या वाचनात आला तो आमच्या नौकेच्या प्रसंगानंतर.

या अनुभवाने मला एक गोष्ट शिकविली. तीच या लेखात मांडायची आहे. सुटा भाग मूळ उत्पादकाचा आहे की बाजारातला, हा आपल्या कार्यालयांत विचारला जाणारा प्रश्न अपुरा आहे. तो भाग निकामी झाला तर नौका चालविणाऱ्याला ते कळेल काय, त्याचा शेजारच्या यंत्रावर परिणाम होईल काय, आणि तो बदलल्याची नोंद कोठे राहील काय, हे तीन प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत.

हुगळीवर या प्रश्नांना विशेष धार का आहे, ते घरापासून दूर राहणाऱ्या वाचकांना थोडक्यात सांगतो. कोलकाता हे देशातील नदीवर वसलेले एकमेव प्रमुख बंदर. १८७० पासून ते पोर्ट कमिशनरांच्या कारभाराखाली आले आणि २०२० पासून ते श्यामाप्रसाद मुखर्जी बंदर या नावाने ओळखले जाते. समुद्रातील सँडहेड्सपासून खिदिरपूरच्या गोदीपर्यंत जहाजाला दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर पायलटच्या मार्गदर्शनाखाली कापावे लागते. वाटेत वाळूचे दांडे आहेत आणि ते जागा बदलतात. भरतीच्या वेळी पाण्याची भिंत उठून वर धावते, तिला इकडे 'बान' म्हणतात. हिवाळ्यात धुके असते. अशा नदीत मोठ्या जहाजांच्या जोडीला फेरी-लाँच, सर्वेक्षण-नौका, गाळ काढणारी जहाजे, वाळूच्या होड्या आणि काकद्वीप-नामखान्याकडे जाणारे मासेमारी ट्रॉलर असे सारे एकत्र नांदते. मोठ्या जहाजांना १९७४ चा सोलास करार लागू असतो. त्यांची यंत्रे मान्यताप्राप्त असावी लागतात आणि त्यांची ठराविक काळाने तपासणी होते. लहान नौकांवरची यंत्रे मात्र जुनी, कधी दुसऱ्या हातची असतात. त्यांची दुरुस्ती मिस्त्रीच्या हुशारीवर चालते.

हा मिस्त्री भाग आणतो तो चांदनी चौकातून. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली यांचा हा कोलकात्यातील भाऊबंद. येथे एका गाळ्यात अस्सल जपानी कपॅसिटर मिळतो आणि शेजारच्या गाळ्यात त्याच्यासारखाच दिसणारा, पण आत काय आहे ते देवालाच ठाऊक असा कपॅसिटरही मिळतो. आमच्या मिस्त्रीला फरक कळत होता. मूळ भागावर ८५ अंश तापमानाची मर्यादा छापलेली होती, त्याने १०५ अंशांचे कपॅसिटर घेतले. या प्रकारच्या कपॅसिटरचे आयुष्य कामाचे तापमान दहा अंशांनी उतरले की साधारण दुप्पट होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. वाढीव मर्यादेचा भाग त्याच उष्णतेत अधिक टिकतो. म्हणजे बाजारातून आणलेला तो स्वस्त भाग या एका बाबतीत मूळ भागापेक्षा सरस होता. मी मात्र 'बाजारातला' हा एक शब्द वाचून फाईल परत पाठविली होती.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे दोन जुने धडे आठवतात. पहिला धडा बंदिस्त ग्राहकाचा. यंत्र विकत घेईपर्यंत ग्राहकाला चार उत्पादक उपलब्ध असतात; एकदा ते बसविले की सुट्या भागांपुरता तो एकाच उत्पादकाचा होऊन राहतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये कोडॅक कंपनीच्या छायाप्रत यंत्रांच्या सुट्या भागांसंबंधी याच प्रश्नाचा विचार केला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध न केल्याबद्दल सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिले झाली, दंडाच्या रकमेवर वाद झाले. पण सुट्या भागांची मक्तेदारी हे ग्राहकाच्या अडवणुकीचे साधन होऊ शकते, हे तत्त्व आपल्याकडेही मान्य झाले. 'संपूर्ण संच नवा घ्या' हा सल्ला प्रत्येक वेळी खोटा नसतो. तथापि तो देणाऱ्याचा त्यात लाभ असतो, हे सही करणाऱ्याने विसरू नये.

दुसरा धडा जॉर्ज अकरलॉफ यांचा. १९७० मधील त्यांच्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेतले. विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात खराब माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो, असे त्यांनी दाखवून दिले. इलेक्ट्रॉनिक भागांच्या बाजाराला हे तंतोतंत लागू पडते. अमेरिकी सिनेटच्या संरक्षणविषयक समितीने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात लष्करी पुरवठ्यातील बनावट भागांची सुमारे १,८०० प्रकरणे नोंदविली आहेत आणि संशयित भागांची संख्या दहा लाखांहून अधिक भरली आहे. टाकाऊ यंत्रांतून चिप काढायच्या, वरची अक्षरे घासून पुसायची आणि नवी अक्षरे छापायची, अशी ही रीत होती. ज्यांच्याकडे तपासणीची सारी साधने आहेत त्यांची ही कथा, तर चांदनीच्या गाळ्यासमोर उभ्या असलेल्या कारकुनाचे काय? कमीत कमी दराची निविदा हा नियम अशा बाजारात आंधळेपणाने लावला, तर आपण अकरलॉफ यांचा सिद्धान्त सरकारी खर्चाने सिद्ध करीत राहू.

औषधांच्या बाबतीत जेनेरिक हा शब्द आता आपल्या घरोघरी रुळला आहे. मूळ औषध आणि पर्यायी औषध शरीरात सारखेच शोषले जाते, हे सिद्ध करण्याची शास्त्रीय पद्धत आहे आणि जेनेरिकवरचा विश्वास त्या पद्धतीवर उभा आहे. नौकानयन यंत्रांसाठी आयईसी ६०९४५ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. यंत्र ५५ अंशांपर्यंतच्या उष्णतेत, दमट हवेत, थरथरीत चालते काय, त्यातून विद्युत-गोंगाट किती निघतो आणि होकायंत्रापासून ते किती अंतरावर ठेवावे, या साऱ्या कसोट्या त्यात आहेत. होकायंत्राची बाब तर सहज निसटणारी. स्वस्त पंख्यातील किंवा ध्वनिवर्धकातील चुंबक होकायंत्राजवळ आला तर सुई ढळते. पंखा मात्र छान वारा देत राहतो. परंतु ही चाचणी संपूर्ण यंत्राची होते. त्यातला एक भाग दहा वर्षांनी बदलला की त्या मान्यतेचे काय उरते, हे लहान नौकेच्या बाबतीत कोणी विचारीत नाही.

आता वर मांडलेल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. बिघाड कळणे म्हणजे काय, ते सांगायला 'रॉयल मॅजेस्टी' या प्रवासी जहाजाइतके बोलके उदाहरण नाही. जून १९९५ मध्ये हे जहाज बर्म्युडाहून बोस्टनला निघाले. निघाल्यानंतर तासाभरातच जीपीएसच्या अँटेनाची केबल सुटली. उपग्रहांचा संकेत तुटल्यावर ग्राहक-यंत्र निव्वळ वेग आणि दिशा यांवरून अंदाजाने स्थान दाखवू लागले. पडद्यावर बारीक अक्षरांत तशी खूण होती, पण तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. सुमारे ३४ तास जहाज अशा अंदाजावर चालले आणि नॅन्टकेटजवळच्या उथळ पाण्यात रुतले, तेव्हा ते आपल्या मार्गापासून सुमारे १७ मैल दूर होते. जहाजावर १,५०९ माणसे होती. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. केबल आणि तिचा जोड ही साऱ्या यंत्रणेतील अगदी स्वस्त वस्तू. रडारचा पडदा काळा पडला तर सारेंग निदान सावध होतो. आतून तुटलेला जोड त्याला सावध करीत नाही, त्याला खोटा दिलासा देत राहतो. म्हणून किमतीने किरकोळ असणारा भाग जोखमीनेही किरकोळ असतो, हा आमच्या लेखा शाखेचा समज मुळातच चूक आहे.

याउलट बाजूचे उदाहरणही द्यायला हवे, नाहीतर 'मूळ उत्पादकाचा भाग मिळेपर्यंत थांबा' असे म्हणणारे या लेखाचा आधार घेतील. ऑक्टोबर २०१५ मध्ये 'एल फारो' हे मालवाहू जहाज बहामाजवळ चक्रीवादळात बुडाले आणि त्यावरील सर्व ३३ माणसे मृत्युमुखी पडली. कारणे अनेक होती. तपासात पुढे आलेल्या गोष्टींपैकी एक अशी की, जहाजावरील वाऱ्याचा वेग मोजणारे साधन नीट चालत नव्हते. जहाजांवरील इतर यंत्रांच्या मानाने हे साधन फार महाग नसते. दुरुस्ती लांबणीवर टाकणे हाही एक निर्णय असतो, आणि त्याखाली कोणाची सही नसते म्हणून तो निर्दोष ठरत नाही. आमच्या रडारची फाईल मी दोनदा परत पाठविली, त्या काळात ती नौका मालवणाऱ्या पडद्यासह नदीत जातच होती. त्या दिवसांची जबाबदारी माझ्याकडे येते, हे मला फार उशिरा सुचले.

आता नियमांकडे. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम १६६ नुसार अस्तित्वात असलेल्या यंत्राशी सुटे भाग जुळावेत म्हणून एकाच निवडक पुरवठादाराकडून खरेदी करता येते. परंतु त्यासाठी सक्षम तांत्रिक तज्ज्ञाचा सल्ला आणि सक्षम अधिकाऱ्याची मान्यता लागते. नियम शहाणा आहे. व्यवहारात मात्र तज्ज्ञाचा सल्ला म्हणजे छापील प्रमाणपत्राखालची एक सही होऊन बसते. एक अधिकारी लेखापरीक्षणाच्या भीतीने सर्वांत कमी दर निवडतो, दुसरा अपघाताच्या भीतीने मूळ उत्पादकाचा भाग निवडतो. दोघांनीही फायलीचे रक्षण केलेले असते. नौकेचे रक्षण झाले की नाही, हे फायलीत शोधून सापडत नाही.

यावर मला सुचणारे उपाय साधे आहेत आणि त्यांना नव्या पदांची किंवा मोठ्या निधीची गरज नाही.

पहिला उपाय वर्गवारीचा. प्रत्येक नौकेवरील यंत्रांच्या भागांचे तीन वर्ग पाडावेत. फ्यूज, कपॅसिटर, स्मृती राखणारी छोटी बॅटरी, रडारच्या मोटरचे बेअरिंग हे भाग समान किंवा वरच्या प्रतीचे असतील तर खुल्या बाजारातून घेण्याची स्थायी मुभा असावी. मॅग्नेट्रॉन, पडदा, खोलीमापकाचा तळाशी बसणारा संवेदक, अँटेनाची केबल, तसेच होकायंत्र किंवा अँटेना यांच्या जवळ येणारा कोणताही दिवा, पंखा अथवा वीजपुरवठा हे भाग पर्यायी चालतील, पण चाचणीनंतरच. संकटसूचक बीकनची बॅटरी, तिला पाण्यात आपोआप मोकळी करणारा खटका आणि प्रवास-नोंदयंत्राचे भाग हे मात्र मान्यताप्राप्तच असावेत, कारण ते निकामी असल्याचे कळते ते नेमके शेवटच्या दिवशी.

दुसरा उपाय चाचणीचा. भाग बदलल्यावर सर्व यंत्रे चालू करावीत आणि नवा भाग एकदा बंद, एकदा चालू ठेवून होकायंत्र, व्हीएचएफ, जीपीएस आणि एआयएस यांवर फरक पडतो काय, ते पाहावे. रेडिओची खरखर जेमतेम थांबेल इतपत नियंत्रक लावायचा आणि मग दिवा पेटवायचा. खरखर परत आली तर दिवा दोषी. एवढ्या कामाला पंधरा मिनिटे पुरतात. आमच्या नौकांवर ती खर्च झाली असती, तर सारेंगाला पूजेपासून जानेवारीपर्यंत सांगत बसावे लागले नसते.

तिसरा उपाय नोंदीचा. कोणता भाग, कोठून आणला, कोणी बसविला, काढलेला भाग कोठे ठेवला, ही माहिती नौकेवरच्या वहीत असावी आणि तिच्यात सारेंगाच्या शेऱ्यासाठी एक रकाना असावा. बाजारातला भाग वापरणे हा गुन्हा मानला, की मिस्त्री तो गुपचूप वापरू लागतो. भागाच्या स्वस्तपणाहून हे गुपित मला अधिक घातक वाटते.

चौथा उपाय खरेदीच्या वेळचा. नवे यंत्र घेतानाच सुट्या भागांची उपलब्धता, त्यांचे दर आणि मंडलाच्या आकृत्या निविदेत मागाव्यात. यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याची एनएमइए ०१८३ सारखी सर्वमान्य पद्धत असलेली यंत्रेच घ्यावीत, म्हणजे एक बदलले म्हणून सारी बदलावी लागत नाहीत. भाग बदलूनही जे दुरुस्त होणार नाही, ते कधी टाकायचे तेही आधी ठरवावे. जीपीएसचा आठवड्यांचा गणक १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तो शून्यावर आला तेव्हा काही जुनी यंत्रे चुकीची तारीख दाखवू लागली. तिथे कपॅसिटर बदलून काय होणार?

हे सारे आमच्या चार नौकांपुरते असते, तर मी एवढा लिहिण्याचा खटाटोप केला नसता. ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या पालघरमध्ये मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपाँडर बसविण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. सुमारे ३६० कोटी रुपयांची ही योजना उपग्रहाद्वारे नौकेला किनाऱ्याशी जोडते. योजना स्तुत्य आहे. पण खाऱ्या हवेत आठ-दहा वर्षे काढल्यावर सातपाटीच्या किंवा नामखान्याच्या नौकेवरील ट्रान्सपाँडरचा जोड गंजेल, तेव्हा तांडेल काय करील? मूळ भाग परवडला नाही किंवा मिळाला नाही, तर तो बाजारातला भाग घालील किंवा यंत्र बंद ठेवील. त्याच्यापुढे हे दोनच मार्ग राहतील, असे आपण होऊ देऊ नये. कोणता पर्यायी भाग चालतो आणि तो कसा तपासायचा, हे मराठीत, बंगालीत, तमिळमध्ये लिहिलेले एक पान त्याच्या हाती असले, तर त्या तिसऱ्या मार्गाचा खर्च छपाईपुरताच आहे.

ते एलईडी दिवे आम्ही नंतर बदलले. त्यासाठी दुसरी फाईल झाली आणि तिच्यावर 'आधीची खरेदी अयोग्य का ठरली' असा प्रश्न लेखा शाखेने विचारला. उत्तर मीच लिहिले आणि त्यात सारेंगाचे म्हणणे प्रथमच कागदावर आणले, पूजेपासूनच्या तारखेसह. नोकरीतील माझ्या टिप्पण्यांपैकी ती मला आजही समाधान देते, कारण त्या फायलीत नौका चालविणाऱ्या माणसाचा एक शब्द तरी आहे.